वस्तीचं औषध

माझी किडनी दादाला चालेल असं कळलं, त्या दिवशी मी कळव्याच्या मार्केटमध्ये पेढे वाटले. खरं तर तेव्हा फक्त रक्तगट जुळला होता. बाकीच्या तपासण्या व्हायच्या होत्या आणि किडनी अजून माझ्याच पोटात होती. पण मला एवढ्यावर थांबता येत नाही. मी धंद्याने निवेदक आहे. लग्नं, हळदी, जयंतीचे कार्यक्रम, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं, निवृत्तीचे सत्कार. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे माइक तिथे मी. पाहुणा अजून जिन्यात असला तरी मी स्टेजवरून टाळ्या सुरू करतो.

घरी आलो तर दादा कॉटवर पडलेला. मी दारातच उभा राहिलो, हातात पेढ्यांचा पुडा माइकसारखा धरला आणि सुरू झालो.

"मंडळी, आता आपल्यासमोर येत आहे, पन्नाशी ओलांडलेली, तरीही तब्येतीने ठणठणीत, आजवर एकाच मालकाकडे इमानाने नोकरी केलेली, आणि आता बदली होऊन मोठ्या साहेबांकडे रुजू होणारी..."

"अरे कलाकार," दादा म्हणाला, "आधी काढू तर देत. की तीही माइकवरूनच काढणार?"

आणि तो हसला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली ती त्या हसण्यासाठी. कित्येक महिन्यांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता.

आम्ही तिघं एका घरात राहतो. दादा माझ्याहून बराच मोठा, एसटीत ड्रायव्हर होता, खोपटच्या डेपोतून निवृत्त झाला. वहिनीने मला शाळेचा डबा भरून दिलाय आणि आता कार्यक्रमाच्या झब्ब्याला इस्त्रीही तीच करते. मी बिनलग्नाचा. दुसऱ्यांचे मुहूर्त माइकवरून इतके गाजवले की स्वतःच्या मुहूर्ताची वेळ सांगायला कुणी उरलंच नाही. दादाची मुलगी कल्याणला दिलेली.

दादाचं दुखणं चोरासारखं आलं. आधी अन्नावरची वासना गेली. वहिनीने बोंबलाचं कालवण केलं तरी ताट सरकवायचा. मग घोटे सुजले. मग चेहऱ्याचा रंग गेला. काळासावळा तजेलदार माणूस, पण चुलीतल्या राखेसारखा दिसायला लागला. आम्ही म्हटलं, निवृत्तीनंतर होतं असं, स्टिअरिंग सुटलं की माणूस सुटतो. ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गाठला, आणि तिथून नौपाड्यातल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे. दोन्ही किडन्या आकसलेल्या होत्या. पिशवीतली शिळी लिंबं होतात तशा, हे माझे शब्द; बाईंनी फक्त मॉनिटरवर बोट ठेवलं.

"शुगर नाही. बीपी फार नाही. मग एवढं कशाने?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग विचारलं, "काही औषधं चालू होती? पेनकिलर? घरगुती काही?"

"औषध?" मी छाती पुढे काढून म्हणालो. "मॅडम, आमच्या घरात गोळी म्हणून नाही. दादाने आयुष्यात क्रोसिन घेतली असेल तर मी मिशी काढीन."

वहिनीनेही मान डोलावली. दादानेही. तिघांपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि तिथेच सगळा घात होता.

मग डायलिसिस. दिवसाआड नौपाड्याची वारी. सकाळी जायचं, हातात जाड सुया, दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखं परत यायचं. आणि पाण्याचं रेशनिंग. ज्या माणसाने उन्हाळ्यात बोनेटच्या गरमीत बसून कळशीभर पाणी रिचवलं, त्याला वहिनी आता एका छोट्या स्टीलच्या बाटलीत दिवसाचं पाणी भरून द्यायची. चहा त्यातच, आमटी त्यातच, गोळ्यांवरचा घोट त्यातच. मी समोर बसून पाणी प्यायचं टाळायचो. संडासच्या नळाखाली तोंड धरून प्यायलोय मी, पण समोर नाही.

किडनी बदलली तर हे सगळं सुटणार होतं. पण द्यायची कुणी? वहिनीला साखर. मुलीचं बाळ अंगावर पिणारं, आणि ती तयार होती तरी दादाने तिला फोनवर असा दम भरला की शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं खिडकीत आली. "तिच्या अंगाला कात्री लागलेली मला चालणार नाही. मी मेलो तरी चालेल." राहिलो मी. आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांची ओळख करून दिली. माझी स्वतःची एंट्री ही पहिलीच.

आता ते वस्तीचं औषध काय ते सांगतो.

एसटीत वस्तीची गाडी म्हणून प्रकार असतो. संध्याकाळी डेपोतून सुटते, आडबाजूच्या गावात रात्री मुक्काम करते आणि सकाळी तीच गाडी शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, बाजारची माणसं घेऊन परत येते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, कुणाच्या ओटीवर नाहीतर गाडीतच. दादाने ही ड्युटी वर्षानुवर्षं मागून घेतली. मुरबाडच्या पलीकडचं गाव, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून येताना त्याचा डबा कधी रिकामा आला नाही. पावसात करटुली, एरवी गावठी अंडी, कधी फडक्यात बांधलेले जिवंत खेकडे. एकदा एक खेकडा सुटून वहिनीच्या शिलाई मशीनखाली जाऊन बसला होता आणि आम्ही तिघं कॉटवर चढून त्याला हाका मारत होतो.

क्लच दाबून दाबून दादाचा डावा गुडघा गेला होता. गाडी जिच्या अंगणात लागायची त्या घरच्या म्हातारीने त्याला लंगडताना पाहिलं आणि एका वेलीचं मूळ दिलं. ठेचून उकळ, पी. सांगितलं तेही साधंच, "दुखणं थांबेस्तोवर घे." दादाने घेतलं आणि दुखणं थांबलं. निदान त्याला तसं वाटलं. आणि इथे आमच्या घराण्याची अक्कल चालली. दुखणं थांबलंय ते औषधाने. मग एवढं चांगलं औषध थांबवायचं कशाला? म्हातारीच्या वाक्याचा अर्धा भाग आम्ही घरी आणला आणि अर्धा गाडीत विसरलो.

चवीला भयानक. कडू म्हणजे असं की जिभेपासून कानापर्यंत शिरशिरी जायची. दादा पहिल्याच दिवशी ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत बसला.

"एकट्याने नको वाटतं रे. तू पण घे. तू पण दिवसभर उभाच असतोस, कंबर धरत नाही का तुझी?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग सोबत म्हणून घे."

सोबत म्हणून आमच्यात माणूस काय वाटेल ते करतो. आजाऱ्याबरोबर अळणी जेवतो, उपास नसताना उपाशी राहतो, दुसऱ्याच्या पोराच्या रिझल्टला टेन्शन घेतो. मी घेतलं. दादा कंडक्टरसारखा ग्लासवर चमच्याने दोनदा टण टण करायचा, डबल बेल, की आम्ही दोघं एका दमात गिळायचो आणि मग वेडीवाकडी तोंडं करून एकमेकांना हसायचो. वहिनीने एकदाच बोट बुडवून चाटलं आणि थुंकली. "मला माझा चहा पुरे. तुम्ही दोघं भाऊ रेड्यासारखे प्या."

निवृत्तीनंतर वस्तीची गाडी बंद झाली, तर दादाने वेलच घरी आणली. गॅलरीत निळा ड्रम, त्यात माती, आणि ग्रिलवर ती वेल पसरली. पानं साधीच, फुलं मात्र विचित्र, वाकडी नळी असलेली, जणू कुणी छोटा हुक्का टांगलाय. आणि फुलपाखरं! काळी, पण अंग लालभडक, चोरून कुंकू लावल्यासारखं. दुसऱ्या कुठल्या झाडावर बसायची नाहीत. त्यांच्या अळ्या पानं खायच्या आणि आश्चर्य म्हणजे कावळे-चिमण्या त्या अळ्यांना चोच लावायच्या नाहीत. मी पाहुण्यांना हात धरून दाखवायचो, "बघा, पक्षीसुद्धा मान देतात." मान!

दादाने त्या वेलीची रोपं अर्ध्या डेपोला वाटली. ज्याचा गुडघा, त्याला कुंडी. निवृत्तीच्या सत्काराला लोक शाल देतात. दादा मात्र दोस्तांना शालीऐवजी रोप द्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आम्ही नाही म्हणालो, ते यामुळे. औषध म्हणजे केमिस्टकडून येतं ते. हे कुठे औषध होतं? हे घरचं होतं, सकाळच्या दात घासण्यासारखं. डायलिसिस लागल्यावरही दादाने ते सोडलं नाही. सोडायचं सोडाच, त्या मोजक्या पाण्यातला एक हिस्सा त्याने त्यासाठी राखून ठेवला. एक दिवस चहा सोडला, पण काढा घेतला. "हेच तर धरून ठेवलंय मला," म्हणायचा.

माझ्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त, लघवी, स्कॅन, छातीचा फोटो. मी प्रत्येक ठिकाणी हसतखेळत गेलो. लॅबमधल्या मुलीला म्हणालो, "ताई, जपून काढा, हे हिरोचं रक्त आहे." ती म्हणाली, "काका, मूठ आवळा."

मग एका दुपारी बाईंनी मला एकट्याला बोलावलं. मला वाटलं तारीख देणार. मी इस्त्रीचा झब्बा घालून गेलेलो.

त्यांच्यासमोर दोन स्कॅन होते, एक दादाचा, एक माझा. त्या दोन्ही आलटून पालटून बघत होत्या. शांतता भरून काढायची माझी सवय, मी म्हणालो, "मॅडम, कुठली घेणार, डावी की उजवी? डावी जरा लाजाळू आहे."

"तुमची घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याही दोन्ही किडन्या लहान झाल्यात. भावाएवढ्या नाहीत. पण त्याच वाटेवर आहेत."

मी हसलो. स्टेजवर फ्यूज उडाला की निवेदक हसतो, तसा.

"घराण्यातच असेल का?" त्या विचार करत होत्या. "आईवडिलांना होतं? मग भावाच्या मुलीचीही तपासणी करावी लागेल." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, तुम्ही दोघं एका घरात राहता. एकच पाणी, एकच जेवण. वहिनींचे रिपोर्ट मी पाहिलेत, त्यांना साखर आहे पण किडनी चांगली आहे. म्हणजे तुम्ही दोघं असं काहीतरी करता जे त्या करत नाहीत. मला तुमची सकाळ सांगा. उठल्यापासून. काही गाळू नका."

सांगा म्हटल्यावर मी सांगणार नाही असं कधी झालंय? मी खुर्चीत सरसावून बसलो आणि सुरू झालो. वहिनी उठते, सकाळची वंदना म्हणते, अगरबत्तीचा वास येतो. दादा खोकून सगळ्या मजल्याला उठवतो. मग पाण्यावरून आमची भांडणं. मग मी बाथरूममध्ये आवाज लावतो आणि खालचा मजला भिंत ठोकतो. बाई हसत होत्या. रंग भरत होता. "मग येतो सकाळचा मुख्य कार्यक्रम," मी म्हणालो, "दादा ग्लासवर चमचा आपटतो, डबल बेल! आणि आम्ही दोघं भाऊ वस्तीचं औषध..."

बाईंचं हसू थांबलं.

"कसलं औषध?"

आयुष्यात एवढं लक्ष देऊन ऐकणारा श्रोता मला मिळाला नव्हता, आणि त्या क्षणी मला तो नको होता.

त्यांनी वेलीचा फोटो मागवला. वहिनीने फोनवर पाठवला, फुलपाखरासकट, कारण तिला वाटलं फुलपाखरू चांगलं आलंय. बाईंनी तो एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला, आणि मी तिथे बसलेलो असतानाच उत्तर आलं. पुस्तकात तिला सापसंद म्हणतात. तिच्यात अॅरिस्टोलोचिक अॅसिड नावाचं आम्ल असतं. नाव ऐकून मला एखाद्या परदेशी नाटकातला खलनायक वाटला, मखमली झगा घातलेला. पण हा खलनायक आरडाओरडा करत नाही. पेशीच्या आत शिरतो, तिच्या मूळ रचनेला चिकटतो आणि बसून राहतो. किडनी हळूहळू वाळवतो. प्यायचं थांबवलं तरी त्याचं काम थांबतं असं नाही. आणि त्याचा दुसरा अंक वेगळाच असतो. कितीतरी वर्षांनी, किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या नळ्यांमध्ये कॅन्सर होऊ शकतो.

"होईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करत राहावी लागेल. कायमची. भावालाही. आणि ते औषध आजपासून बंद. आज म्हणजे आज."

"मॅडम, पण ते नैसर्गिक..." माझ्या तोंडातून सवयीने आलं.

मग मी विचारलं, "मी पीत होतो म्हणून माझी गेली, हे दादाला सांगायलाच पाहिजे का?"

"काढा बंद करायला पाहिजे, हे सांगायलाच पाहिजे. बाकीचं तुम्ही ठरवा."

नौपाड्यातून कळव्याला येताना खाडीवरच्या पुलावर रिक्षा अडकली, आणि मी तेवढ्यात मनात नाटकाचा पूर्ण प्रवेश लिहून काढला. मला म्हणे पित्ताशयात खडे निघाले. खडे असले की डोनर होता येत नाही. खडे हे सभ्य दुखणं, कुणाचाच दोष नाही त्यात. घरी जिन्यातच वहिनीला गाठून सगळं सांगितलं. तिने तोंडावर पदर घेतला. एवढंच म्हणाली, "भावजी, तुम्ही सोबतीला प्यायलात हो." मग पदर खोचला. "खडेच सांगा. मी हो म्हणते."

दादा कॉटवर बसला होता, माझ्या तोंडाकडे बघत. आधी वेलीचं सांगितलं, डॉक्टरांच्या नावावर. तुझ्या किडनीला ती बरी नाही, बंद करायला सांगितलंय. मग लगेच, श्वासही न घेता, खड्यांकडे वळलो. खडे कसे दिसतात, किती गुळगुळीत, बाई कशा म्हणाल्या की प्रदर्शनात ठेवण्यासारखे आहेत. मी हातवारे केले, पोट धरलं, एक दोन विनोद टाकले. वहिनी मागून म्हणत होती, "हो ना, खडेच."

दादा हलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं?"

"झालं."

"मी आयुष्यभर आरसा बघून गाडी चालवलीय. मागच्या सीटवर बिनतिकिटाचा कोण बसलाय ते मला चेहऱ्यावरून कळायचं." त्याने ड्रमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "वेलीने माझी गेली. म्हणजे तुझी पण."

मी झब्ब्याची बाही दुमडायला लागलो.

"बोल की. एरवी तर..."

"थोडीच गेलीय रे," मी म्हणालो. "तुझ्यापेक्षा पुष्कळ शिल्लक आहे."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीने तेवढ्यात गॅलरीत जाऊन ती वेल ग्रिलवरून ओरबाडून काढली, कोयत्याने मूळ तोडलं, ड्रममध्ये उकळतं पाणी ओतलं. एखादी गोधडी उसवावी तशी.

पुढच्या डायलिसिसला दादा गेला नाही.

"मी आता जाणार नाही तिकडे," तो म्हणाला. "पुरे."

"अगं बाई, म्हणजे काय?" वहिनी. "मरायचंय का?"

"याचं वाटोळं करून मी मशीनवर बसून जगू? कशासाठी? आणखी कुणाचं काय घेऊ आता?"

"वाटोळं तुम्ही केलंत का? तुम्हाला ठाऊक होतं का?"

"हातात ग्लास मी दिला ना."

मी सगळे प्रयोग करून पाहिले. रडून पाहिलं, रागावून पाहिलं, मुलीला फोन लावून दिला. ती बाळाला घेऊन कल्याणहून आली, पायाशी बसली. दादाने नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास लागायला लागला. आडवं होता येईना. खिडकीला पाठ टेकून बसलेला, छाती भात्यासारखी. आणि तरी मान हलवून नाही म्हणायचा. आमच्या घरात त्या दिवसांत कुणी दिवा लावला की विझवायचाही कंटाळा यायचा. मी डोंबिवलीची एक हळद चालू असताना अर्ध्यात सोडून आलो. करवलीची ओळख करून देताना माझा आवाज बसला, आणि बसलेला आवाज घेऊन त्या घरात उभं राहणं बरं नव्हे.

माझी दुर्बिणीची तपासणी ठरली होती. मला जायचं नव्हतं, मी विषयच काढला नव्हता. पण हॉस्पिटलमधून आठवणीचा फोन आला तो वहिनीने घेतला, आणि घेतला तोही स्पीकरवर. काय काय होणार, उपाशी यायचं, सोबत एक माणूस पाहिजे. सगळं खोलीभर ऐकू गेलं. वहिनीचं डोकं असं चालतं. अजून मला ठाऊक नाही की तिने ते मुद्दाम केलं की बटण चुकून दाबलं.

दादाने धापा टाकत विचारलं, "सोबत कोण जाणार याच्या?"

"मी कशी जाणार, घर कोण बघेल?" वहिनी म्हणाली. खरं म्हणजे घर बघायला काहीच नव्हतं.

"मी जाईन."

"तुम्ही?" तिने कमरेवर हात ठेवले. "दारापर्यंत चालता येतंय का? वाटेत पडलात तर भावजी तुम्हाला सांभाळतील की स्वतःला? आधी मशीनवर जा. अंगातलं पाणी काढून या. मग जा भावाबरोबर. नाहीतर इथेच बसा आणि ते एकटे जातील."

तो तिच्याकडे बघत राहिला. वस्तीच्या गाडीत भरमसाट माणसं भरली की तो असाच बघायचा म्हणे. शिव्या देत आणि गाडी काढत.

"रिक्षा बोलाव," तो मला म्हणाला.

त्या डायलिसिसला आम्ही चौघं गेलो, बाळाला धरलं तर पाच. तिथल्या सिस्टर त्याला खूप रागावल्या. तो ऐकून घेत होता. सुई लागल्यावर त्याने मोकळ्या हाताने फोन मागितला आणि डेपोतल्या मित्रांचे नंबर शोधायला लागला.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो खांद्यावरून खाली लोंबत होता. बाकावर आम्ही शेजारी बसलो. सिस्टर आतून आली, आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि सरळ दादाच्या दंडाला धरलं. "चला बाबा, तुमचा नंबर."

"मी नाही," दादा म्हणाला. "हा. दिसतो तसा नाही, आतून गेलाय."

सिस्टरला हसू आवरेना, आणि मलाही. दादाने माझं घड्याळ, पाकीट, चष्मा स्वतःच्या खिशात ठेवला. सिस्टरने मला हिरवा गाऊन दिला, मागून उघडा. एवढ्या वर्षांत मी प्रेक्षकांकडे पाठ केली नव्हती.

आतल्या टेबलावर पाय वर बांधून झोपवलं. तपासणी कशी असते ते मी सांगणार नाही. मी काय वाटेल ते सांगतो, पण ते नाही. डॉक्टर मॉनिटरकडे बघत होते आणि मी छताकडे. आज काही नाही सापडलं तर पुन्हा काही महिन्यांनी यायचं, मग पुन्हा. हे आता आमचं ठरलेलं. दादाला कुणा अनोळखी मेलेल्या माणसाची किडनी मिळेपर्यंत थांबायचं आणि मला माझ्या आत काय उगवतंय ते बघत राहायचं.

दार नीट लागलं नव्हतं. बाहेरून दादाचा आवाज येत होता, तो फोनवर होता. दम लागत होता, पण आवाज जुना ड्रायव्हरचाच, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"नैसर्गिक? अरे, साप पण नैसर्गिकच असतो, गळ्यात घालतोस का? ...तुला काही झालं नाही? मला पण काही झालं नव्हतं. ...नाही, डॉक्टरांनी घाबरवलं नाही. माझा भाऊ आत आहे, दुर्बीण घातलीय त्याला. ...हो, मीच दिलं होतं तुला ते रोप. म्हणून तर फोन केलाय."

"हलू नका," डॉक्टर मला म्हणाले.

बाहेर जरा शांत झालं. मला वाटलं, पलीकडच्याने फोन ठेवला. मग दादा पुन्हा बोलला.

"घरात कुणाला काढायला सांगू नकोस, तूच काढ. मुळासकट. आत्ता. जा, मी लाइनवर आहे."